फोटोतलं मेडल मुसोलिनीचं नाही, आणि मेडल म्हणजे गुंतवणूक पण नाही

प्रति,
मा. संपादक, रविवार पुरवणी

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत परदेशी लष्करी मेडलं जमवण्याच्या छंदावर लेख आला होता तो वाचला. विषय घेतलात याचा मनापासून आनंद झाला, कारण नाणी आणि पोस्टाची तिकिटं सोडली तर आपल्याकडे पेपरात या छंदाला कुणी जागा देत नाही. पण दोन गोष्टी खटकल्या आणि त्या सांगितल्याशिवाय राहवत नाही. एक म्हणजे लेखाबरोबरच्या फोटोखाली "मुसोलिनीच्या सैन्याचं पदक" असं छापलंय ते चूक आहे. दुसरं म्हणजे अख्ख्या लेखाचा सूर असा की आत्ता स्वस्तात घ्या, कपाटात ठेवा, दहा वर्षांनी विका, भाव वाढणारच. मी बरीच वर्षं इटलीचीच लष्करी मेडलं जमवतोय, आणि मला वाटतं की या गुंतवणुकीच्या नादापायीच मेडलांची सगळ्यात जास्त नासधूस होते. कशी ते सांगतो, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी तो फोटो. ब्राँझचं गोल मेडल आहे आणि त्यावर हेल्मेट घातलेला जो माणूस दिसतोय तो इटलीचा राजा, व्हित्तोरिओ एमानुएले तिसरा. भोवती इटालियनमध्ये "इटलीच्या एकीसाठी युद्ध" आणि १९१५-१९१८ असं लिहिलेलं असतं. म्हणजे हे पहिल्या महायुद्धाचं मेडल, २९ जुलै १९२० ला सुरू केलेलं, आणि मुसोलिनी सत्तेवर आला ऑक्टोबर १९२२ मध्ये. त्या युद्धात मुसोलिनी स्वतः बेर्साल्येरी पलटणीत (इटलीचं चपळ, हलकं पायदळ) होता आणि १९१७ मध्ये सरावाच्या वेळी स्फोट होऊन जखमी झाला होता, पण त्याचा आणि या मेडलाचा एवढाच काय तो संबंध.

तुम्ही छापलीय ती फक्त पुढची बाजू. मागची बाजू छापली असती तर वाचकांना खरी गंमत कळली असती. मागे पंख असलेली विजयदेवता उभी आहे, दोन सैनिकांनी उचलून धरलेल्या ढालींवर, आणि बारीक अक्षरात लिहिलंय की हे मेडल शत्रूच्या ब्राँझमधून पाडलंय. ते नुसतं म्हणायला नाही बरं का. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याकडून ज्या तोफा हाती लागल्या त्यांचा धातू यासाठी वापरला. ४ नोव्हेंबर १९१८ ला इटालियन सरसेनापती जनरल दिआझने जे विजयाचं पत्रक काढलं त्यात किमान पाच हजार तोफा मिळाल्याचा उल्लेख आहे. एवढं ब्राँझ हाताशी असल्यावर त्यांनी त्याचं काय केलं तर ते शिपायांच्या छातीवर लावलं. मला ही कल्पना फार आवडते. ज्या माणसाने खंदकात बसून त्या तोफांचा मारा खाल्ला त्याच्याच कोटावर पुढे त्या तोफेचा तुकडा आला.

आणि मारा पण साधासुधा नव्हता. इटली युद्धात उतरली २४ मे १९१५ ला, त्यानंतर इसोंझो नदीच्या काठी (आज ती बरीचशी स्लोव्हेनियात आहे) एकामागून एक अकरा वेळा इटालियनांनी हल्ले केले, कार्सोचा खडकाळ माळ, खंदक खणायला गेलं तर पहार उडते असा दगड, गोळा फुटला की दगडाच्याच कपच्या लागून माणसं मरायची, आणि एवढं करून पुढे सरकायचं काही किलोमीटर. मग बारावी लढाई ऑस्ट्रिया आणि जर्मनीने केली, २४ ऑक्टोबर १९१७, कापोरेत्तो. त्यात इटलीचे अडीच लाखांवर सैनिक कैद झाले आणि सैन्य मागे हटत हटत पार पिआवे नदीपर्यंत आलं. तिथे ते टिकलं, आणि बरोबर एक वर्षाने व्हित्तोरिओ व्हेनेतोच्या लढाईत बाजी उलटून इटली जिंकली. इटलीचे साधारण साडेसहा लाख सैनिक या युद्धात गेले.

आता या मेडलाची रिबन बघा. हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे सहा वेळा लागोपाठ. त्यावर ब्राँझच्या छोट्या पट्ट्या लावलेल्या असतात ज्यांना आपण कलेक्टर लोक बार म्हणतो, आणि प्रत्येक बारवर एकेक साल. आघाडीवर जेवढी वर्षं काढली तेवढे बार. चारही बार असलेला माणूस सुरुवातीपासून शेवटपर्यंत होता. १९१७ आणि १९१८ असे दोनच बार दिसले की माझं काळीज हलतं, कारण १८९९ साली जन्मलेल्या पोरांना त्याच सुमारास बोलावलं होतं, कित्येकांना अठरावं पण पूर्ण झालं नव्हतं, आणि कापोरेत्तोनंतर त्यांनाच पिआवेवर उभं केलं. इटलीत त्यांना आजही "नव्व्याण्णवची पोरं" म्हणतात. अर्थात दोन बार असले म्हणजे तो माणूस त्यांच्यातलाच असेल असं नाही. मग कळणार कशावरून? कागदावरून.

खरा मुद्दा इथे आहे आणि तुमच्या लेखात त्यावर एक ओळ पण नव्हती. इटलीच्या युद्धस्मारक मेडलांवर बहुतेक वेळा नाव नसतं. ब्रिटिशांची पहिल्या महायुद्धाची मेडलं कशी कडेवर नाव, नंबर, पलटण कोरून यायची, तसं इथे नाही. पन्नास लाखांवर माणसं सैन्यात घेतलेली, त्यामुळे मेडलं ढिगाने निघाली, मिलानमधल्या साक्कीनी, जॉन्सन अशा कारखान्यांनी पाडली, आणि प्रत्येक मेडल दुसऱ्यासारखंच. वेगळेपण येतं ते त्याच्याबरोबरच्या प्रमाणपत्राने, ज्यावर नाव, हुद्दा, रेजिमेंट आणि खाली सही-शिक्का असतो. ते मेडलापासून सुटलं की हातात उरतो फक्त धातू.

आणि बाजारात ते रोज सुटतंय. मी एकदा ऑनलाइन मेडलांचा एक ग्रुप (एका माणसाला मिळालेली सगळी मेडलं एकत्र, त्याला आम्ही ग्रुप म्हणतो) बघून ठेवला होता. एकाच माणसाचा, १९१५-१८ चं मेडल, त्यासोबत युद्धसेवेचा क्रॉस (हा १९ जानेवारी १९१८ ला सुरू झाला, निळ्या रिबनवर दोन पांढरे पट्टे), विजयाचं मेडल, आणि दोन प्रमाणपत्रं, चार घड्या घालून खिशात ठेवल्यामुळे घडीवर चिरलेली, शाई तपकिरी झालेली, पण नाव स्वच्छ वाचता येत होतं, एका पायदळ रेजिमेंटमधला कॉर्पोरल. मी पैशांची जुळवाजुळव करेपर्यंत विक्रेत्याने सगळं फोडलं. मेडलं तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना आणि कागद चौथ्याला, कारण सुट्टं विकलं की एकूण पैसे जास्त येतात. मी त्याला लिहिलं की अहो हे एका माणसाचं आहे, तर उत्तर आलं की मेडलं तर सगळी सारखीच असतात, कुठलंही आणून कागदाशेजारी ठेवा. शंभर वर्षं जे एका घरात एकत्र राहिलं ते एका आठवड्यात चार देशांत गेलं. याला तुमचा लेख "पोर्टफोलिओ" म्हणतो, मला तो शब्द वाचवत नाही.

एक मेडल तर असं आहे की ते सुट्टं विकलेलं बघितलं की मला खरंच त्रास होतो. २४ मे १९१९ ला, म्हणजे युद्धात उतरल्याला चार वर्षं झाली त्या दिवशी, युद्धात गेलेल्यांच्या आयांसाठी राष्ट्राच्या कृतज्ञतेचं म्हणून एक मेडल काढलं. त्यावरच्या मजकुराचा भाव असा की वेदनेतून ज्याला जन्म दिलास तो मुलगा गौरवात तुझ्यासाठी पुन्हा जन्माला येतोय. हे कुणा बाईने कधी मिरवायला म्हणून लावलं असेल असं मला वाटत नाही.

या आयांचा विषय निघालाच आहे तर मारिया बेर्गामास यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांचा मुलगा आंतोनिओ, राहणारा ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या भागातला, म्हणजे कायद्याने ऑस्ट्रियाचा प्रजाजन, पण तो पळून इटलीकडून लढला, १९१६ मध्ये मारला गेला आणि त्याचा देह कधी ओळखून मिळालाच नाही. १९२१ मध्ये इटलीने अज्ञात सैनिकाची समाधी करायचं ठरवलं तेव्हा वेगवेगळ्या रणांगणांवरून ओळख न पटलेले अकरा देह आणून आक्विलेयाच्या बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या जुन्या मोठ्या चर्चमध्ये ठेवले आणि त्यातला एक निवडायचं काम या बाईंना दिलं. २८ ऑक्टोबर १९२१. त्या एकेका शवपेटीसमोरून चालत गेल्या आणि एका पेटीपाशी मुलाच्या नावाने हाक मारत कोसळल्या. ती पेटी रेल्वेने हळूहळू रोमला नेली, वाटेत स्टेशना-स्टेशनावर लोक गुडघे टेकून बसलेले, आणि ४ नोव्हेंबरला तिथल्या भव्य राष्ट्रस्मारकात दफन झालं. त्या अज्ञात सैनिकाला शौर्याचं सुवर्णपदक दिलंय. उरलेले दहा आक्विलेयातच आहेत आणि मारियाबाई १९५३ मध्ये गेल्या तेव्हा त्यांनाही त्यांच्याच शेजारी जागा मिळाली.

हे सुवर्णपदक म्हणजे तिथलं शौर्याचं सर्वोच्च. त्याची गोष्ट इटली नावाचा देश व्हायच्या आधीची आहे. १७९३ मध्ये सार्डिनियाचा (याच राज्याची पुढे इटली झाली) राजा व्हित्तोरिओ अमेदेओ तिसरा फ्रेंच क्रांतीच्या सैन्याशी आल्प्समध्ये लढत होता, तेव्हा त्याने सार्जंट आणि साध्या शिपायांसाठी सोन्याची आणि चांदीची मेडलं काढली. हे मला त्या काळाच्या मानाने फार मोठं वाटतं, कारण तेव्हा मानसन्मान सगळे सरदार-उमरावांच्या ऑर्डरमधले, म्हणजे राजाच्या मानकऱ्यांच्या मंडळांतले असायचे, शिपायाला कोण विचारतो. पुढे १८३३ मध्ये कार्लो आल्बेर्तोने ते नव्याने सुरू करून अधिकाऱ्यांनाही लागू केलं, ब्राँझ आलं १८८७ मध्ये. रिबन मात्र पहिल्यापासून निळी, तिथल्या सावोया राजघराण्याचा निळा रंग. फुटबॉल बघणाऱ्यांना तो वेगळा सांगायला नको, इटलीची टीम आजही त्याच रंगात उतरते. राजघराणं १९४६ च्या २ जूनच्या मतदानात गेलं, मेडलांवरचं सावोयाचं चिन्ह गेलं आणि प्रजासत्ताकाचं आलं, पण निळा रंग राहिला.

या जुन्या काळातली माझी आवडती मेडलं रशियाविरुद्धच्या क्रिमियाच्या युद्धातली. तुरीन राजधानी असलेल्या सार्डिनियाच्या त्या छोट्याशा राज्याला रशियाशी काय देणंघेणं होतं? काही नाही. पण पंतप्रधान काव्हूरला वाटाघाटीच्या टेबलापाशी इंग्लंड-फ्रान्सच्या शेजारी खुर्ची हवी होती म्हणून १८५५ मध्ये त्याने पंधरा हजारांवर माणसं काळ्या समुद्रापलीकडे धाडली, चेर्नाया नदीवर ती लढली, बरीचशी कॉलऱ्याने मेली, आणि १८५६ च्या पॅरिस परिषदेत काव्हूरला खुर्ची मिळाली. त्या युद्धात ब्रिटिशांनी सार्डिनियाच्या सैनिकांना आपली मेडलं दिली आणि सार्डिनियाच्या राजाने ब्रिटिश सैनिकांना चांदीची शौर्यपदकं दिली, त्यामुळे एका देशाचं मेडल दुसऱ्या देशाच्या माणसाच्या ग्रुपमध्ये सापडतं आणि नवीन कलेक्टर गोंधळतो. पुढे १८६५ मध्ये स्वातंत्र्य आणि एकीकरणाच्या युद्धांसाठी चांदीचं मेडल आलं, त्यालाही सालांचे बार, १८४८ पासून पुढे १८७० पर्यंत, म्हणजे रोम घेतलं तिथपर्यंत. आणि रिबन? तीच, तिरंगी सहा वेळा. १९२० च्या मेडलाला तीच रिबन मुद्दाम दिली, म्हणजे आजोबांनी सुरू केलेलं काम नातवांनी पूर्ण केलं असं दाखवायला. १९२२ मध्ये एकीकरणाचं आणखी एक मेडल आलं त्यालाही तीच. त्यामुळे फोटोत नुसती रिबन बघून कुणी वय सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

आता मुसोलिनीच्या काळाबद्दल, कारण तुमच्या लेखकाला बहुतेक तीच मेडलं हवी होती, बाजारात त्यांनाच जास्त मागणी असते. मी ती ठेवतो. पण ती ठेवणाऱ्यावर जबाबदारी जास्त आहे असं मी मानतो आणि हे मी ठामपणे लिहितोय. १९३५-३६ च्या इथिओपियाच्या स्वारीचं मेडल घ्या. दिसायला देखणं आहे. १८९६ मध्ये अडोवाला इथिओपियाने इटलीचा दणदणीत पराभव केला होता, त्याचा सूड म्हणून ही स्वारी लोकांच्या गळी उतरवली गेली आणि ५ मे १९३६ ला अदिस अबाबा पडलं. त्या काळातल्या वस्तूंवर रोमन आकड्यात एक वेगळंच साल असतं, ते फॅसिस्ट राजवटीचं, २८ ऑक्टोबर १९२२ पासून मोजलेलं, म्हणून मे १९३६ म्हणजे चौदावं वर्ष. हे सगळे कलेक्टर सांगतात. पण त्याच स्वारीत इटलीने विमानातून मस्टर्ड गॅस टाकला, गावांवर, गुरांवर, नदी-ओढ्यांवर, आणि तेही विषारी वायू न वापरण्याच्या १९२५ च्या जिनिव्हा करारावर सही असताना. इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने हे अधिकृतपणे कबूल करायला १९९६ साल उजाडलं. हे लिहिल्याशिवाय ते मेडल काचेच्या पेटीत लावणं मला खोटं वाटतं. माझ्याकडच्या त्या मेडलाखाली मी हे लिहून ठेवलंय, बघणाऱ्याला ते आधी वाचावं लागतं.

तशीच गोष्ट त्या प्रसिद्ध मगरीच्या मेडलाची. मिलानच्या लोरिओली कंपनीने पाडलेलं, आफ्रिकेतल्या इटालियन-जर्मन मोहिमेचं. पुढे दोन योद्धे मिळून मगरीचा जबडा मिटवतायत, मगर म्हणजे ब्रिटन. मागे लिबियाच्या वाळवंटातली कमान आणि स्वस्तिक. हे जर्मन सैनिकांनाही दिलं होतं, मग सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने ब्रिटन-अमेरिकेशी शस्त्रसंधी केली आणि पुढच्या वर्षी जर्मनांनी आपल्या माणसांना ते लावायलाच बंदी केली. मागच्या त्या खुणेमुळे याला भाव भरमसाट आणि नकलाही भरमसाट. नव्या माणसाने याच्या वाटेला जाऊच नये असा माझा स्पष्ट सल्ला आहे.

आणि ज्या मेडलाला बाजारात कुणी विचारत नाही त्याबद्दल दोन शब्द. ८ सप्टेंबर १९४३ ला शस्त्रसंधी जाहीर झाली, राजा रोम सोडून ब्रिंदिसीला गेला, सैन्याला धड आदेश नाहीत, आणि जर्मनांनी लाखो इटालियन सैनिकांना पकडून नेलं. त्यांना सांगितलं की आमच्याकडून किंवा मुसोलिनीच्या नव्या सालो सरकारकडून (जर्मनांच्या आधाराने उत्तर इटलीत उभं केलेलं) लढा, सुटाल. सहा लाखांवर माणसांनी नाही म्हटलं आणि छावण्यांत उपाशीपोटी मजुरी करत दिवस काढले. जर्मनीने त्यांना युद्धकैदी सुद्धा मानलं नाही, म्हणजे रेडक्रॉसची मदतही नाही. घरी परत आल्यावर कुणी त्यांची कहाणी ऐकून घेतली नाही. त्यांच्यासाठी सन्मानाचं मेडल आलं २००६ च्या कायद्याने. साठ वर्षांनी! बहुतेक वेळा ते नातवंडांच्या हातात पडतं, २७ जानेवारीच्या, म्हणजे नाझींच्या बळींच्या स्मृतिदिनाच्या सुमारास सरकारी कार्यालयात छोटासा कार्यक्रम करून. मी ते विकत घेणार नाही, कुणी विकू पण नये, पण मेडलांचा इतिहास सांगायचा तर हे पहिल्या पानावर हवं.

पहिल्या महायुद्धातल्यांना मात्र जिवंतपणी आठवलं हे बरं झालं, १९६८ मध्ये व्हित्तोरिओ व्हेनेतोची ऑर्डर काढून म्हाताऱ्या सैनिकांना सोन्याचं छोटं मेडल दिलं. त्यातले शेवटचे देल्फिनो बोर्रोनी २००८ मध्ये वयाच्या ११० व्या वर्षी गेले. ही सोन्याची मेडलं किती वितळवली गेली असतील देव जाणे, सोन्याचा भाव बघून जमवणाऱ्यांचा हाच तर धोका.

आता आपल्याकडचं. लेखात म्हटलंय की या मेडलांशी मराठी माणसाचा "भावनिक संबंध नसल्यामुळे" विकणं सोपं जातं. हे वाक्य लिहिण्याआधी रायगड, सातारा, कोल्हापूर, नगरकडच्या एखाद्या फौजी गावात विचारायला हवं होतं. १९४१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर इटालियन सैन्याशी जी लढाई झाली तिथे मराठा लाइट इन्फंट्री होती, केरेन हे नाव रेजिमेंटच्या युद्धसन्मानांत आहे. समोरचे पण मरणाला भ्यायले नव्हते, त्यांचा जनरल लोरेंझिनी तिथेच पडला, त्याला मरणोत्तर सुवर्णपदक आहे. मग खुद्द इटलीत, जर्मनांशी लढताना, माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सेक्शनमधले जवळजवळ सगळे पडल्यावर एकट्याने मशीनगनवर चालून गेले, मॅगझीन बदलायला वेळ नव्हता तर बंदुकीच्या दस्त्याने लढले आणि तिथेच गेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी, दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगातून उचलून आणलं, मग मशीनगनच्या चौक्या मोडल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धघोषणा देत मागच्यांना बोलावलं. त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. इटालियन लोकांनी आपल्या माणसाची आठवण ठेवली आणि आपण म्हणतो भावनिक संबंध नाही?

या लोकांच्या घरात ब्रिटिशांचा इटली स्टार असतो, सहा टोकांचा तारा, रिबन लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल, म्हणजे इटलीच्याच झेंड्याचे रंग. ११ जून १९४३ ते ८ मे १९४५ या काळातल्या सेवेसाठी. आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते, ब्रिटिश सैनिकांना हे तारे नावाशिवाय मिळाले, पण भारतीय सैनिकांच्या ताऱ्यांवर बहुतेक वेळा नाव-नंबर घातलेले असतात. घरी असेल तर मागून नीट बघा, आजोबांचा नंबर सापडेल. कुणी इटलीतून किंवा आफ्रिकेतून आठवण म्हणून इटालियन बिल्ला, क्रॉस, टोपीवरची खूण आणली असेल तर ती पण त्याच डबीत राहू द्या. "हे आपलं नाही" म्हणून वेगळं काढून भंगारवाल्याला देऊ नका, कारण ते कुणाच्या ट्रंकेतून आलं हाच त्याचा कागद.

शेवटी थोडं कामाचं, कारण लेखात "चमकवून ठेवा" असा सल्ला दिलाय आणि तो वाचून लोकांनी कामाला सुरुवात केली असेल तर वाईटच. चिंच, लिंबू, रांगोळी, पितळ घासायची पावडर, काहीही लावू नका. ब्राँझवरचा तो काळसर तपकिरी थर घासला की बारीक अक्षरं झिजतात, शत्रूच्या ब्राँझची ती ओळ तर आधी जाते. प्लास्टिकच्या मऊ पाकिटात ठेवू नका, पीव्हीसीमुळे ब्राँझवर हिरवा चिकट थर येतो, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर फार लवकर. सुती कापड किंवा ॲसिड नसलेला कागद, वर सिलिका जेलची पुडी, एवढं पुरे. रिबन जुनी आणि फाटकी असली तरी बदलू नका. नवीन रिबन ओळखायची असेल तर अंधारात यूव्ही टॉर्च मारून बघा, युद्धानंतरचा सिंथेटिक धागा बहुतेक वेळा पांढरा-निळा चमकतो, जुनं रेशीम आणि सूत सहसा चमकत नाही. आणि प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका हो, कृपा करून. घडी उलगडून सपाट ठेवा.

इटालियन नाव हाती लागलं तर शोध घेता येतो. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांची यादी छापलेली आहे आणि इंटरनेटवर आहे, पाच लाखांवर नावं. सैनिकांच्या सेवेच्या नोंदी त्या त्या प्रांताच्या सरकारी दप्तरखान्यात असतात, पत्र लिहिलं तर उत्तरं येतात. सुवर्णपदक मिळालेल्यांची प्रशस्तिपत्रं राष्ट्राध्यक्षांच्या वेबसाइटवर वाचता येतात. मला त्या फुटलेल्या ग्रुपमधला कागद शेवटी मिळाला, घेणाऱ्याने मूळ किमतीला परत दिला, मी काय म्हणतोय ते त्याला पटलं होतं. तीन मेडलांपैकी क्रॉस कुठे आहे ते कळलंय, बोलणं चालू आहे. उरलेली दोन ज्यांच्याकडे गेली असतील त्यांना शोधायला अजून लिहितोय.

आपला,
एक वाचक, सातारा